हरकतीच्या अर्जावरची मापं

मालकांची छाती बेचाळीस इंच आहे आणि डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. ती मापं मी माझ्या हाताने लिहून घेतली आहेत. ज्या कागदावर लिहिली तो कागद मात्र लिहायचा नव्हता, द्यायचा होता.

सोलापुरात मालक कोणालाही म्हणतात. रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला म्हणतं, आणि दोघांपैकी कोणाच्याही नावावर फारसं काही नसतं. पण आमच्या भागात नुसतं ‘मालक’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. मी लिहितो आहे त्या काळात त्यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं. पूर्वी होतं आणि पुढेही असेल, असं सगळे धरून चालले होते. मधल्या रिकाम्या काळात त्यांच्या दारातली गर्दी कमी व्हायला हवी होती, निदान पुस्तकांच्या हिशेबाने तरी. ती वाढली होती.

पुस्तकांचं मी म्हणतो, कारण मी बत्तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. करिष्मा हा आमच्या अभ्यासक्रमातला एक मुद्दा होता. पाठ्यपुस्तकात तो पाऊण पानात संपायचा आणि परीक्षेला ‘टीप लिहा’ म्हणून पाच गुणांना यायचा. मुलं लिहायची : नेत्याच्या अंगी असलेला असाधारण गुण, ज्यामुळे अनुयायी विचार न करता त्याच्यामागे जातात. मी साडेतीन गुण द्यायचो. ‘विचार न करता’ हे मला ढोबळ वाटायचं. अनुयायीही आपापला फायदातोटा बघतात, असं मी फळ्यावर दोन बाण काढून समजावून सांगत असे. त्या मुलांना आता कुठे शोधू? ते दीड गुण परत द्यावेत असं फार वाटतं.

माझ्या समोरच्या घरात मास्तर राहतात. शिंप्याला आपल्याकडे मास्तर म्हणतात. तसे ते मास्तर. मूळचे मंद्रूपकडचे. शेती भावाकडे ठेवून तिसाव्या वर्षी शहरात आले आणि एकामागे एक अशा दोन खोल्यांचं घर घेतलं. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत दुकान. दुकानात दोन मशिनी. एक मास्तरांची, सदरे-पायजम्यांची. दुसरी त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, फॉल-पिकोची. लग्नसराईत नवी पेठेतून घेतलेल्या साड्या पिशव्यांनी वहिनींकडे येत, आणि त्या दिवसांत घर खरं चालायचं ते त्या दुसऱ्या मशिनीवर. मास्तर हे कबूल करायचे, पण चारचौघांत नाही.

एके दिवशी शहराचा नवा आराखडा जाहीर झाला आणि नकाशात आमची गल्ली रुंद झाली. लाल रेघ मास्तरांच्या पुढच्या खोलीतून जात होती, मोजून बघितलं तर जवळजवळ दोन मशिनींच्या मधून. माझ्या बाजूच्या नुसत्या पायऱ्या जात होत्या. कोणाला काही म्हणायचं असेल तर महिन्याच्या आत लेखी हरकत द्यावी, असं त्याच नोटिशीत छापलं होतं. ही नोटीस गल्लीत वाचली ती बहुधा मी एकट्याने. निवृत्त माणूस काहीही वाचतो.

मी अर्ज तयार केला. गट क्रमांक, घराचं वर्ष, उपजीविकेचं साधन, रेघ दोन-तीन फूट सरकवता येण्याची शक्यता, सगळं मुद्देसूद. मजकूर टाईप करून घेतला, मास्तरांची सही घेतली. शुक्रवार हा शेवटचा दिवस होता आणि मी बुधवारीच महापालिकेच्या कचेरीत जाऊ म्हणत होतो. मास्तर म्हणाले, आधी मालकांच्या कानावर घालू. त्यांना न सांगता परस्पर कचेरीत गेलो तर त्यांना काय वाटेल? मी म्हणालो की त्यांना काहीही वाटणार नाही, कारण त्यांना कळणारच नाही. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघराबद्दल काहीतरी बोललो होतो.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. तो आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ येतो तेव्हा घरातल्या एका माणसाला तरी पिंपापाशी थांबावं लागतं, म्हणून वहिनी मागे राहिल्या. हातात पाइप धरून त्या दारापर्यंत आल्या आणि मास्तरांना नाही, मला म्हणाल्या, “तिकडं जावा, बसा, च्या प्या. पण येताना कागद कचेरीत देऊन मगच या.”

मी हो म्हणालो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांनी मला त्याची आठवण एकदाही करून दिली नाही.

मालकांचं संपर्क कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतींवर मालक निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळी निवेदनं स्वीकारताना. निवेदन द्यायचं तर ते देतानाचा फोटो निघालाच पाहिजे. फोटो मोबाइलवर जातो, निवेदन सहायकाच्या हातात जातं, आणि तिथून ते कुठे जातं हे विचारण्याची पद्धत नाही. कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं, त्यात सत्काराच्या शाली. मालकांना मिळालेल्या शाली मालक पुढे इतरांना देतात. किरमिजी काठाची एक शाल मी त्याआधी तीन वेगवेगळ्या लोकांच्या खांद्यांवर, वेगवेगळ्या फोटोंत पाहिली होती. ती कपाटात घडी घालून विश्रांती घेत होती. मी हे मास्तरांना हळूच सांगितलं. ते हसले नाहीत.

हे सगळं मी अशासाठी सांगतो आहे, की मी तिथे डोळे उघडे ठेवून बसलो होतो. हार, फलक, फेटे, फटाके या गोष्टींची मला आयुष्यभर ॲलर्जी आहे. मालक आत येतील, कोणीतरी घोषणा देईल, मी मनात हसेन आणि काम उरकून बाहेर पडू, अशी माझी कल्पना होती.

मालक आले ते मागच्या दाराने, चपला हातात घेऊन. तिथे नुकतीच फरशी पुसली होती आणि पुसणाऱ्या बाई अजून तिथेच बसून होत्या. त्या बाईंना ते हळू काहीतरी म्हणाले, त्या हसल्या. घोषणा झाली नाही. मग एकेकाजवळ जाऊन ते उभ्यानेच बोलू लागले. त्यांचा आवाज फार हळू आहे. ऐकायचं असेल तर माणसाला पुढे वाकावं लागतं, आणि एकदा वाकल्यावर सरळ होणं कठीण जातं. ही युक्ती आहे की त्यांचा घसाच तसा आहे, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमच्याजवळ आले तेव्हा त्यांनी मास्तरांकडे पाहिलंच नाही, मास्तरांच्या कॉलरकडे पाहिलं. दोन बोटांत धरून ती चाचपली.

“ही कुणी बसवली?”

“मीच की, मालक,” मास्तर म्हणाले.

मालक म्हणाले की त्यांच्या गळ्याला आजवर एकही कॉलर धड बसलेली नाही. पुण्याहून शिवून आणतात, मुंबईहून आणतात, सगळ्या टोचतात. भाषण करताना निम्मं लक्ष गळ्याकडे असतं. आणि इथे हाकेच्या अंतरावर हा हात आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ही तक्रार त्यांनी इतकी मनापासून केली, की आजूबाजूची माणसं आपणच ती माहिती दडवल्यासारखी खाली बघू लागली. मग त्यांनी हात बाजूला पसरले आणि म्हणाले, “घ्या माप.”

मास्तरांच्या गळ्यात टेप होता. सवयीने घातलेला, घरातून निघताना काढायचा राहिलेला. भर गर्दीत, फोटो काढणाऱ्यांच्या मधोमध, मास्तर मालकांची छाती मोजायला लागले. मला म्हणाले, “लिवून घ्या, सर.”

मी खिसे चाचपले. पेन होतं. कागद एकच होता.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, याची मी नंतर अनेक वेळा उजळणी केली आहे. कोणाकडे तरी कोरा कागद मागता आला असता. तिथे कागदांचा ढीग पडला होता. पण तेवढ्यात मालक माझ्याकडे वळले होते. हात तसेच पसरलेले, टेप काखेखाली, आणि ते मला म्हणाले, “सर, बाई गेल्या तेव्हा मी आलो होतो घरी. तुमचं लक्ष नव्हतं. बाईंच्या वर्गात होतो मी, दुसरीत. माझ्याकडं डबा नसायचा. त्या रोज पोळी द्यायच्या.”

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. डब्यात ती दोन पोळ्या जास्त नेत असे. कशाला, म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, लागतात. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या पोळ्यांचा विषय त्या सहा वर्षांत कोणी काढला नव्हता.

मी अर्ज उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं : छाती बेचाळीस, कंबर चाळीस, बाही चोवीस, गळा साडेसोळा, डावा खांदा उतरता. मास्तर आकडे सांगत होते आणि मला ते दोनदा विचारावे लागत होते, कारण अक्षर नीट दिसत नव्हतं.

घरी आल्यावर मी तिच्या शाळेचे जुने वर्गफोटो काढून पाहिले. रांगेत बसलेली चाळीस-पन्नास मुलं, सगळ्यांचे केस तेल लावून चापून बसवलेले. त्यातला कोणताही मुलगा मालक असू शकतो. एकही नसू शकतो.

कार्यालयातून निघताना मास्तरांनी रेघेचा विषय काढला होता. काढला म्हणजे अर्ध्या वाक्यात, माफी मागितल्यासारखा. मालकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “मी असताना तुमच्या भिंतीला कोण हात लावतंय, मास्तर? निवांत राहा तुम्ही.” मी तेवढ्यात घसा खाकरून सांगितलं की हरकतीचा उद्या शेवटचा दिवस आहे, आम्ही अर्ज तयार केला आहे. मालक लगेच म्हणाले, “द्या की सर. तुमचा हक्कच आहे तो.”

हे नीट ध्यानात घ्यायला हवं. त्यांनी अडवलं नाही. पुढे मी त्यांना दोष द्यायला निघालो तेव्हा हे वाक्य दरवेळी मध्ये आडवं आलं.

आम्ही रस्त्यावर आलो. कचेरीकडे जाणाऱ्या चौकात मी रिक्षाला हात करायला लागलो तर त्यांनी माझा हात खाली घेतला.

“सर, त्यांनी शब्द दिला आन तुमी लगोलग अर्जाचं काढलं. बरं दिसलं न्हाय ते.”

मी म्हणालो की मालकांनीच द्या म्हटलं.

“म्हनणारच की. मोठा मानूस न्हाय कसं म्हनंल? पण आता अर्ज द्यायचा म्हंजे काय हुतंय, तुमीच सांगा. मालकांवर आमचा इस्वास न्हाय, असं लेखी देणं झालं की ते.”

बत्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेल्या माणसाला यावर उत्तर सुचायला हवं होतं. मी म्हणालो, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. शब्द हा शब्द आणि अर्ज हा अर्ज. मास्तर म्हणाले, त्या कागदाच्या मागं मापं हायत, त्यो कागद तर मी देणारच न्हाय. आणि त्यांनी तो माझ्याकडून घेऊन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

शुक्रवारी अकराला मी जाऊन अर्जाची नवी प्रत काढून आणली आणि सहीसाठी मास्तरांकडे गेलो. मेजावर पांढरंशुभ्र कापड पसरलेलं. खडूने आखणी चालली होती. वहिनींनी माझ्या हातातला कागद पाहिला, पाय थांबवला आणि नवऱ्याला म्हणाल्या की सही करा. मास्तर नाही म्हणाले नाहीत. ‘ठेवा तितं, ही आखणी हुद्या,’ म्हणाले. आखणी झाली. मग कापायला घेतलं. कापताना मध्ये थांबलं की कापड सरकतं, हे मला मान्य होतं. दीड वाजला. मग हात घामाचे, कागदावर डाग पडेल. मग जेवण. मी स्टुलावर बसून होतो. तीन वाजता वहिनी म्हणाल्या, “अवो, एक सही हाय, गळ्याला फास न्हाय.” मास्तर म्हणाले, करतो की. चार वाजता ते कॉलर कापत होते, आणि त्यांची कॉलर कापतानाची तंद्री मोडण्याची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

कायद्याने हरकत कोणीही घेऊ शकतं. शेजारीही घेऊ शकतो. मला हे माहीत होतं. मी ते वर्गात शिकवलेलं आहे. माझं नाव घालून, माझी सही करून मी तो कागद कचेरी बंद व्हायच्या आत देऊ शकलो असतो. मी दिला नाही. मास्तरांच्या मनाविरुद्ध कसं करायचं, असं मी स्वतःला सांगितलं. मालकांना कळलं तर काय वाटेल, असंही मनात आलं, आणि ते मनात आल्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मास्तरांच्या घरावरून रेघ सरकली असती तर ती माझ्या घराकडे सरकली असती, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतो.

साडेपाचला कचेरी बंद झाली. सहा वाजता मास्तरांनी हात धुतले आणि सही केली.

पंधरा दिवसांनी मालक एका मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमात तो सदरा घालून उभे राहिले. भाषणाच्या सुरुवातीलाच गळ्याला हात लावून म्हणाले की आज पहिल्यांदा माझं लक्ष माझ्या बोलण्याकडे आहे, कारण हा सदरा आमच्या मास्तरांनी शिवला आहे. टाळ्या पडल्या. मास्तर सातव्या रांगेत होते. त्यांना पुढे बोलावून किरमिजी काठाची शाल देण्यात आली. मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून कार्यकर्ते पांढरं कापड घेऊन येऊ लागले. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनींना सदऱ्यांची बटणं लावायला घ्यावी लागली आणि पिकोच्या साड्या मागे पडल्या. मालकांनी काही दिलं नाही असं म्हणता येत नाही, हे मला इथे लिहावं लागतं. पुढच्या चार महिन्यांत मास्तर जसे चालायचे तसे मी त्यांना पूर्वी कधी चालताना पाहिलं नव्हतं.

मग सुनावणीची पत्रं आली. ज्यांनी हरकत घेतली होती त्यांना. कोपऱ्यावर टॉवेल विणणारं एक तेलुगू कुटुंब आहे, त्यांना आलं. हे कुटुंब दुसऱ्या एका पुढाऱ्याला मानणारं. तो पुढारी तुसडा म्हणून प्रसिद्ध. ते त्याच्याकडे तीनदा गेले, तीनही वेळा त्याने भेट दिली नाही. तेव्हा नाइलाजाने त्यांनी कचेरीत जाऊन हरकतीचा अर्ज दिला. सुनावणीत त्यांच्या मागाच्या खोलीचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि त्यांच्यापुरती रेघ तीन फूट सरकली.

मास्तरांना पत्र आलं नाही. कोणत्या कागदाला उत्तर म्हणून यावं? आम्ही मालकांच्या कार्यालयात गेलो तर मालक मुंबईला होते. सहायक म्हणाला, मालकांच्या लक्षात आहे. पुन्हा गेलो तर म्हणाला, मालकांच्या कालपण लक्षात होतं. तिसऱ्या वेळी त्याने मास्तरांना आत बोलावून आपल्या स्वतःच्या दोन सदऱ्यांचं माप दिलं.

भिंतीवर लाल खूण झाली तेव्हा मास्तर म्हणाले की ही नुसती खूण आहे. ठरलेल्या तारखेला सकाळी यंत्र आलं. मास्तरांनी त्याआधीच शटर काढून ठेवलं होतं, सुताराला घेऊन, नीट, एकेक खिळा बाजूला ठेवत. आपल्या दुकानाचं शटर दुसऱ्याने वाकवलेलं त्यांना बघवलं नसतं. पुढची खोली पडायला चहाला लागतो तेवढा वेळ लागला. मागच्या खोलीत संसाराबरोबर एकच मशीन मावली, मास्तरांची. वहिनींची मशीन आम्ही चौघांनी उचलून माझ्या व्हरांड्यात आणून ठेवली, तात्पुरती.

त्याच आठवड्यात मी एकटा मालकांकडे गेलो. काय बोलायचं ते मी घरी लिहून काढलं होतं, मुद्देसूद. मास्तरांना सांगितलं नव्हतं. वहिनींना सांगितलं होतं. त्या नुसतं म्हणाल्या, “बघा.”

खोलीत त्या दिवशी फारसं कोणी नव्हतं. मालकांनी मला पाहिलं, उठून आले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “चुकलं माझं, सर.”

माझे मुद्दे त्यानंतरचे होते. पहिल्या मुद्द्यापाशीच सगळं कबूल झाल्यावर पुढचे मांडायचे कसे? तरी मी मांडले. म्हणालो, तुम्ही शब्द दिलात, त्या शब्दापायी त्या माणसाने वेळेत सही केली नाही. ते खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, “माझ्याकडं पद नाही. तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. तरी येतात. आता आलेल्या माणसाला मी काय म्हणू? माझ्याच्यानं होत नाही म्हटलं, तर त्यांना वाटतं मालक रागावले. तुम्ही इतकं वाचलंय, तुम्ही सांगा. काय म्हणायला पाहिजे होतं मी?”

उत्तर सोपं होतं. आधी अर्ज देऊन या, मग बसू, एवढंच म्हणायला हवं होतं. पण ‘द्या की’ असं त्यांनी म्हटलंच होतं, आणि तेव्हा ऐकणारे कान आमचे होते. मी ते बोललो नाही. ते थकलेले दिसत होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं, सदरा खांद्यात सैल झाला होता. चहा आला. उठताना मी त्यांना तब्येतीला जपा म्हणालो. जिना उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांची समजूत घालून आलो आहे.

परत आलो तेव्हा मास्तर मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून काज करत होते आणि वहिनी पलीकडे, माझ्या व्हरांड्यात. मास्तरांना कोणीतरी कळवलं होतं की मी गेलो होतो. त्यांनी विचारलं, काय म्हणाले?

“चुकलं म्हणाले.”

मास्तरांनी सुई टोचून ठेवली. “तुमच्या तोंडावर?”

मी हो म्हटलं.

“एवढा मोठा मानूस,” मास्तर म्हणाले. डोळे भरून आले होते. मला स्पष्ट दिसत होतं की त्यांच्या मनात कुठेतरी जमाखर्च पुरा झाला, आणि भिंत त्यात कमी किमतीची ठरली.

व्हरांड्यात येऊन तेच मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली.

“कुनाम्होरं म्हनले?”

“माझ्यासमोर.”

“म्हंजे आमच्याम्होरं न्हाय.” मग म्हणाल्या, “बरं. आन मशीन कुटं ठेवू, त्याचं काय बोलले?”

ते बोलणं निघालंच नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि साडी पुढे ओढली. तात्पुरत्या मशिनीचं पुढे काय करायचं, याचे आम्ही त्यानंतर बरेच पर्याय काढले. भाड्याचा गाळा परवडत नाही. मागच्या खोलीत ठेवायची तर पलंग काढावा लागतो. माझा व्हरांडा आहे तोवर आहे, असं मी म्हणतो, आणि मी सत्तरीचा आहे, असं त्या म्हणत नाहीत. निम्म्या बायका जुनं दुकान शोधून परत जातात, कारण वळणावरून माझं घर दिसत नाही. सकाळी उन्हं थेट आत येतात तेव्हा त्या मशीन स्वतःच हातभर सरकवतात, संध्याकाळी परत सरकवतात. मी मदतीला उठलो तर म्हणतात, राहू द्या.

पुढे निवडणुका लागल्या. आमच्या गल्लीत पूर्वी मोठी गाडी शिरत नसे. आता शिरते. प्रचाराच्या पहिल्याच सकाळी उघडी जीप आत आली, मागे हलगी, पुढे पांढऱ्या सदऱ्यांची रांग, त्यातले निम्मे सदरे मी ओळखत होतो. मास्तर जीपच्या बाजूने चालत होते, एक हात गाडीच्या कडेवर ठेवून. मी आत पेपर वाचत बसलो होतो. मुद्दामच आत बसलो होतो. हलगी जवळ आली तसा नुसतं बघायला म्हणून दारात आलो.

जीप बरोबर आमच्या पुढे हळू झाली. मालकांनी व्हरांड्याकडे पाहिलं. गर्दी, आवाज, कोणी हार घालतंय, त्यातूनही त्यांनी वहिनींना हेरलं आणि वाकून, छातीशी हात जोडून म्हणाले, “ताई, येतो.” मग त्यांची नजर वर माझ्याकडे आली.

वहिनींचा पाय थांबला नाही. पिकोची सुई त्याच चालीत चालत राहिली, साडीची कड तिच्या खालून सरकत राहिली.

माझे हात जोडलेले होते. कधी जोडले गेले ते मला कळलं नाही. नुसते जोडलेले नव्हते; मी कंबरेतून थोडा वाकलोही होतो, चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते खोटं नव्हतं. गाडी पुढे गेली. मास्तरांनी वळून मला पाहिलं आणि आनंदाने मान डोलावली. धूळ खाली बसली, हलगी चौकापर्यंत पोचली, तरी मी तसाच होतो.

वहिनींनी दोरा दातांनी तोडला, साडीची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बसा की सर आता. गेले ते.”